गणपतीत मोजलेलं गाव

मी एका गावाची पाहणी ऐन गणपतीत केली. कोकणात जन्मलेल्या, कोकणातच वाढलेल्या आणि वर कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाने हे केलं. यात मूर्खपणा कुठे आहे, हे घाटावरच्या वाचकाला कळायला अजून थोडा वेळ लागेल. कोकणातल्या वाचकाने मात्र एव्हाना कपाळाला हात लावला असेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग तोडून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची काही वर्षं. उरलेल्या जिल्ह्यात कोणतं गाव कोणत्या गावासारखं आहे, हे ठरवायचं काम आमच्या कचेरीकडे आलं होतं. मी तिथे हंगामी होतो. रत्नागिरीतच मांडवीला एक खोली घेऊन राहायचो. खिडकीतून समुद्र दिसतो असं मी घरी कळवलं होतं. खिडकीतून खरं तर शेजाऱ्याची जाळी दिसायची आणि समुद्राचा नुसता वास यायचा. नोकरीत कायम व्हायला साहेबांची शिफारस लागणार होती. त्यामुळे साहेब जे बोलणार असतील ते मला ते बोलण्याआधीच पटलेलं असायचं.

साहेब घाटावरचे. माणूस हुशार, आवाज मोठा.

"हे बघा राव," ते म्हणायचे, "गाव नकाशात कुठं बसलंय याला काडीचा अर्थ नाही. तुमच्या संगमेश्वरातलं एखादं गाव आणि आमच्या साताऱ्याच्या डोंगरातलं एखादं गाव सख्खी भावंडं निघतील. शेजारशेजारची दोन गावं एकमेकांची कुणी लागणार नाहीत. बाया किती, बाप्ये किती, शेतात कोण राबतंय, शाळा किती शिकलेत, घरात काय वस्तू आहेत, एवढं बघायचं. सारखी गावं एका गटात टाकायची. औषध गटाला द्यायचं."

साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. साताऱ्याच्या डोंगरातले बाप्येसुद्धा मुंबईला, आमचेही मुंबईला. तिथेही शेत बाईच्या अंगावर, इथेही बाईच्याच. मधे सह्याद्री आडवा पडला म्हणून काय झालं? सिद्धांत चुकीचा असता तर मला आज सांगायला केवढं सोपं गेलं असतं.

या वेळचं औषध म्हणजे शब्दशः औषधच होतं. जी गावं मागास गटात निघतील त्यांना पहिल्या फेरीत नर्सबाई मिळणार होती. आठवड्यातून एकदा तोंड दाखवून जाणारी नव्हे, गावात खोली घेऊन राहणारी, बाळंतपण करणारी.

माझी थोरली बहीण संगमेश्वरच्या आतल्या बाजूला दिली आहे. हमरस्त्यावर एसटीतून उतरायचं, मग एक डोंगर उतरून दुसरा चढायचा, की तिचं गाव. तिथली अडलेली बाई दवाखान्यात न्यायची तर डोलीतून. डोली म्हणजे खुर्ची बांबूला बांधायची आणि पुढे दोन, मागे दोन माणसांनी उचलायची. मी ताईला नर्सबाईचं सांगितलं तेव्हा ती भात लावत होती. चिखलातून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले.

"खरं सांगतोस की तुझं नेहमीचं?"

"खरं. फक्त गाव मागास निघायला पायजे."

"मग काय अडचण हाय? अजून किती मागास होव?" ताई म्हणाली. "हे बघ मेल्या, आमच्याकडची पोरं जन्मतात कधी? ज्येष्ठात नाय तर आषाढात. बापये गणपतीला येतात, त्याचा हिशोब तूच कर, तू शिकलेला. ऐन पावसात, नदी फुगलेली असताना, सगळ्या बाया एकदम बाळंत. आणि डोली उचलायला गावात कोण? म्हातारे! पुढल्या पावसाच्या आत बाई आण. नायतर इकडे येऊ नको."

तिने सांगितलेला हिशोब मी कौतुकाने साहेबांनाही ऐकवला. साहेब खो खो हसले. "वा! हे छापायला पाहिजे," म्हणाले. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने, म्हणजे मी, ताईच्या गावाच्या पाहणीसाठी गणपतीचे दिवस निवडले.

का निवडले? एक तर मोदक. दुसरं कारण मी कचेरीत मोठ्या आवाजात सांगितलं: एरवी गावात जावं तर घराला कडी, बायका रानात, माहिती द्यायला कुणी नाही, हेलपाटे घालावे लागतात. गणपतीत सगळं गाव एकदम घरात सापडतं. साहेबांनी मान डोलावली. "बघा, याला म्हणतात डोकं," ते सगळ्यांना म्हणाले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सोबती होता, त्याच्याकडे ताईच्या गावासमोरचं, नदीपलीकडचं गाव होतं. तो आळशी. म्हणाला, "माझ्या पोटात दुखतंय, मी नंतर जाईन." आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली.

गणपतीत ताईच्या गावाला जी कळा येते तिला तोड नाही. घराघरात मुंबईकर. भावोजींची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नव्हती, ते आता एका इमारतीच्या दारात वॉचमन होते. पण गावात आले ते इस्त्रीच्या पँटमध्ये. त्यांचा धाकटा भाऊ, तो कुठल्याशा गोडाऊनमध्ये हमाली करायचा, तो गॉगल लावून आला होता. ओटीवर पत्ते, चुलीवर चहाचं आधण, अंगणात फटाके. मी दारोदार फिरून लिहीत सुटलो. बाप्ये भरपूर. त्यांची शाळा बायकांपेक्षा जास्त. घरात घड्याळ, टॉर्च, नायलॉनच्या साड्या. ट्रान्झिस्टर तर मला बऱ्याच घरांत मिळाला. तो एकच होता आणि त्याचा मालक आरतीला या घरातून त्या घरात जाताना तो बरोबर नेत होता, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

अगदीच अक्कल गहाण ठेवली होती असं नाही. नेहमी राहणारी माणसं वेगळी आणि सणापुरती आलेली वेगळी, असा फरक करायचा, हे आम्हाला शिकवलं होतं. तसा रकानाही होता. तो प्रश्न मी ताईच्या घरी विचारायला घेतला. गणपतीपुढे समई तेवत होती. मी विचारलं, "भावोजी घरात राहत नाहीत, असं लिहू ना?"

ताईची सासू आतून तीरासारखी बाहेर आली.

"काय लिवतोस? माझा झील घरात नाय म्हणून? देवासमोर बसून? आज?"

"तसं नाही आई, ते मुंबईला..."

"मुंबईला पोटाला गेलाय. घर त्याचा हाय! समोर बसलाय तो तुला दिसत नाय? सणाच्या दिवशी घरातला माणूस नाय म्हणून लिवतोस, जीभ कशी रेटते रे तुझी?"

भावोजी पत्त्यांतून मान वर करून म्हणाले, "लिहा हो मेव्हणे, आहे म्हणून. कशाला म्हातारीला दुखवता?"

ताईने मला मोदक वाढला. मी लिहिलं, आहे. आणि एकदा एका घरात लिहिल्यावर बाकीच्या घरांत तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं. कुठल्याही ओटीवर गेलो असतो तरी आतून एक म्हातारी धावून आलीच असती.

गावाच्या कडेला बौद्धवाडी होती. छप्पन सालानंतर त्यांनी धर्म बदलला, तेव्हापासून त्यांच्या घरात गणपती नाही. त्यांचे बाप्येही मुंबईला, तशाच खोल्यांत, तशाच नोकऱ्यांत. पण ते गणपतीला येत नाहीत, एप्रिल-मेमध्ये येतात. तिथल्या एका बाईने दारात उभं राहूनच मला माहिती दिली. घरात पुरुष कोण? कुणी नाही. शेत कोण करतं? मीच. घड्याळ? नाही. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरात तेच. मी चक्रावलो. एकच डोंगर, एकच भात, एकच मुंबई, आणि दोन वाड्यांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक!

मी त्या बाईला म्हणालो, "तुमच्या वाडीचं काहीतरी वेगळंच दिसतंय."

"वेगळं पाणी तेवढं दिलंय तुमी लोकांनी," ती म्हणाली. "बाकी सगळं सारकंच हाय."

त्या दिवसातली ही एकमेव खरी माहिती. मी तिच्या वाडीच्या कागदांवर शेरा मारला: अपवादात्मक, गावाशी जुळत नाही. एरवी ज्यांना आम्ही आमच्या विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांना मी सरासरीतही येऊ दिलं नाही. त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नाही. अहवाल मात्र सुरेख झाला. त्यात मी अभिमानाने लिहिलं की पाहणीसाठी सणाचे दिवस निवडल्याने एकही घर बंद आढळलं नाही, आणि ही पद्धत इतरांनीही अवलंबावी.

सोबत्याचं पोट पितृपक्षात बरं झालं. तोवर मुंबईकर परत गेले होते. तो नदीपलीकडच्या गावात गेला, रिकामी घरं मोजली, रानातून बायका बोलावून आणल्या, कुरकुरत परत आला.

थंडीत गट लागले. नदीपलीकडचं गाव मागासात. ताईचं गाव हातखंब्याच्या आसपासच्या गावांबरोबर, म्हणजे हमरस्त्यावर ज्यांची चहाची दुकानं, पंक्चरच्या टपऱ्या, बारा महिने घरात बाप्ये, त्यांच्या पंगतीला, सुधारलेल्या गटात! आता ही दोन गावं म्हणजे नदीच्या दोन काठांवर ठेवलेली एकाच आईची दोन लेकरं. आडनावं तीच, लग्नं एकमेकांत, लाल माती तीच. साहेबांच्या सिद्धांतासाठी याहून चांगलं उदाहरण देशात सापडलं नसतं. आणि तीच दोन मी वेगळ्या गटांत टाकून दाखवली होती. नर्सबाई पलीकडे गेली.

ताईला हे सांगायला मी स्वतः गेलो नाही. तिला ते पलीकडच्या गावातल्या नणंदेकडून कळलं. मग ती मांडवीला माझ्या खोलीवर आली. जन्मात पहिल्यांदा.

"धाकटीला दिवस गेलेत," ती म्हणाली. धाकटी म्हणजे तिची जाऊ, त्या गॉगलवाल्याची बायको. "पहिली खेप माहेरी झाली, तेव्हाच मरता मरता वाचली. ही आमच्याकडे व्हायची. ज्येष्ठात. काय करणार तू?"

"नदीच तेवढी मधे आहे. साकवावरून नर्सबाई येईल की पलीकडून."

साकव म्हणजे गावकरी दर हिवाळ्यात बांधतात तो लाकडी पूल. ताईने एवढंच विचारलं:

"साकव पावसात असतो?"

नसतो. पहिल्या मोठ्या पाण्याला जातो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी तिला चहा विचारला. तिने नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि जे बोललो त्याची आठवण आली की अजून अंग चोरतो. मी चुकलो, बाप्ये मुंबईचे होते, गाव बायकांचं आहे, एवढं सरळ वाक्य तोंडातून निघेना. कायम होण्याचे कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होते. मी म्हणालो, "ऋतुमानाप्रमाणे लोकसंख्येत थोडा फेर पडण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हणजे काय?" साहेब म्हणाले.

"एकदा फेरपाहणी करावी असं वाटतं."

साहेब मनाने मोठे. म्हणाले, "शंका आली की तपासायचं. आपण दोघं जाऊ. शिमग्यात जाऊ. तुमच्या त्या पालख्या नाचवतात म्हणे, मला एकदा बघायच्यात."

"शिमग्यात नको साहेब."

"का?"

"सण असतो. गर्दी..."

"अहो, तुमच्याच अहवालात आहे! सणात सगळे घरात सापडतात. मी वर पाठवताना तुमची ती ओळ खास अधोरेखित केलीय."

आता तरी बोलायचं होतं. मी बोललो, "बरं साहेब."

शिमग्याला अख्खी मुंबई पुन्हा गावात. पालखी अंगणाअंगणात नाचत होती, बाप्ये खांदे बदलत होते, साहेबांच्या कपाळाला गुलाल. नाचताना साहेबांची चप्पल तुटली, तेवढ्यासाठी गावातल्या किती जणांनी आपापल्या चपला काढून पुढे केल्या! ताई सगळा वेळ साहेबांशी बोलायची संधी शोधत होती. शेवटी अंगणात तिने गाठलंच.

"साहेब, हे सगळे चार दिवसांचे हायत. परवा या, कोण नसेल."

साहेबांनी ढोलाच्या आवाजात कानामागे हात धरून अर्धंमुर्धं ऐकलं, मग तिच्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवून म्हणाले, "छान गाव आहे हो तुमचं. काय ही एकी!" आणि मला म्हणाले, "तुमच्या ताईंना सांगा, सणात कोण कुणाचा चार दिवसांचा असतो?"

मी शेजारी उभा होतो. ढोल जोरात होता, हेही खरं. मी ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं, हेही खरं.

फेरपाहणीचे आकडे पहिल्या पाहणीशी तंतोतंत जुळले. साहेबांना अतोनात आनंद झाला. दोन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजून तोच निकाल, याला पुरावा म्हणतात, असं त्यांनी सगळ्या कचेरीला समजावलं. माझी चूक आता शास्त्राने सिद्ध झाली होती. त्याच महिन्यात मी कायम झालो.

ज्येष्ठात पाऊस लागला आणि साकव गेला. धाकटीला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. पुढचं मला ताईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं, एकदम तिने कधीच सांगितलं नाही. पलीकडच्या काठावर हाळी गेली. नर्सबाई आली. छत्री आणि पिशवी घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. मधे नदी. ती ओरडून काय सांगत होती ते पाण्याच्या आवाजात इकडे पोचेना. हातांनी खुणा करत होती, तसं ताई घरात येऊन करत गेली. जमेना, तेव्हा डोली काढली. पुढे ताई आणि बौद्धवाडीतली ती बाई, मागे गावातले दोन म्हातारे. एका म्हाताऱ्याचा पाय चढणीवर घसरला, तिथे ताईच्या सासूने बांबू खांद्यावर घेतला. हमरस्त्याच्या फाट्यावर पोचायच्या आधीच बाळंतपण रस्त्यात झालं, एका मांगराच्या, म्हणजे शेतावरच्या खोपटाच्या पडवीत. धाकटी वाचली. मुलगा होता.

चौथ्या दिवशी मी गेलो. अंगणात चिखल, ओटीवर कुणी नाही. ताईची सासू खांदा शेकत बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. भावोजींना आणि त्यांच्या भावाला तार गेली होती, पण रजा मिळाली नव्हती.

ताईने मला पाणी दिलं. काही सुचेनासं झालं की मी नेमका बोलतो. म्हणालो, "पुढल्या फेरीत मी बघतो ताई. श्रावणात मोजायला लावतो, तेव्हा घरात कोणीच नसतं. मग गट बदलेल."

ती चुलीशी लाकूड सारत होती. न वळता तिने विचारलं, "गणपतीत तू आमच्या घरातले बापये लिहिलेस ना?"

"हो."

"त्यात स्वतःला धरला होतास?"

"नाही. मी कसा धरणार? मी या घरातला नाही."

"बरं केलंस," ताई म्हणाली. "तुझा तेवढा एक आकडा बरोबर हाय."